जुन्या ड्रमसेटवर जुन्या सिंबल्स बसवताना : पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे मूळ

१९६०च्या आसपासचा लडविग, स्लिंगरलँड किंवा प्रीमियर कंपनीचा ड्रमसेट हाती येतो, त्याच्याबरोबर त्याच वयाच्या दोन-तीन सिंबल्स, म्हणजे स्टँडवर बसवून काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्या, येतात, सगळे पुसूनपासून मांडले जाते आणि पहिल्याच तालमीत तक्रारी सुरू होतात. क्रॅशचा, म्हणजे जोरकस ठोक्यासाठीच्या सिंबलचा, आवाज फुलण्याआधीच बसतो. राइड, म्हणजे सतत ताल धरणारी मोठी सिंबल, वाजवता वाजवता एका बाजूला कलत जाते. विंगनट, म्हणजे सिंबलवरचा पंखांचा नट, दर दोन गाण्यांनी सैल होतो, म्हणून तो आवळला की आवाज आणखी दबतो आणि सैल ठेवला की मधूनच धातूवर धातू घासल्याची खरखर ऐकू येते. नवे फेल्ट, म्हणजे सिंबलच्या वर-खाली बसणारी मऊ नमद्याची चकती, टाकले की काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. अशा वेळी "सिंबलच थकली आहे" असा निष्कर्ष काढून बहुतेक जण मोकळे होतात.

माझ्या मते या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ सिंबलच्या मध्यभागी असलेल्या चार-पाच सेंटिमीटरच्या जागेत असते. भोक, त्यातून जाणारी दांडी, दांडीवरची नळी, खालचा वॉशर, वर-खालचे फेल्ट आणि नट, एवढीच ती बैठक. या बैठकीचा हिशेब जुन्या स्टँडवर एक असतो, जुन्या सिंबलचा दुसरा असतो आणि आज दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांचा तिसराच असतो. हे तिन्ही हिशेब जुळवताना एकच पथ्य पाळावे लागते : जो काही बदल करायचा तो स्टँडमध्ये आणि सुट्या भागांमध्ये करावा, सिंबलला कानस, ड्रिल किंवा रीमर लावू नये. स्टँडचा भाग पुन्हा मिळतो किंवा लेथवर बनवून घेता येतो. इस्तंबूलमध्ये हातोड्याने घडवलेली के झिल्डजियन छापाची जुनी सिंबल पुन्हा कोणी बनवून देणार नाही.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे

स्टँडवर चढवलेली सिंबल ऐकून काहीच ठरवता येत नाही, कारण तिच्या आवाजात स्टँडचा प्रत्येक सांधा मिसळलेला असतो. प्रथम स्नेअरच्या, म्हणजे खालून तारा ताणलेल्या ड्रमच्या, तारा सोडून ठेवाव्यात, कारण बाजूला काहीही वाजले तरी त्या झिणझिणतात आणि निम्म्या वेळी सिंबलची म्हणून सांगितलेली खरखर त्यांचीच असते. मग सिंबल उतरवून तिच्या भोकातून सुती दोरी ओवावी, खाली गाठ मारून ती मोकळी लटकवावी आणि कडेपासून दोन बोटे आत काठीच्या टोकाने हलके टोले द्यावेत. आवाज मोकळा आणि लांबवर रेंगाळणारा आला, तर सिंबल निरोगी आहे आणि पुढचा सारा शोध स्टँडवर घ्यावा. आवाजाच्या शेपटाला बारीक झिणझिण चिकटलेली असेल, तर मात्र तडा शोधावा लागतो.

तडा उजेडात सरळ पाहून दिसत नाही. खोलीतला दिवा मालवून टॉर्च सिंबलच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि सिंबल हळूहळू फिरवावी. लेथच्या गोल रेघा सगळ्या एकाच दिशेने चमकतात, पण त्यांच्यातली एखादी रेघ तडकलेली असली तर तिची चमक मध्येच तुटते. कडेचा तडा शोधण्यासाठी जुन्या मऊ धोतराचा किंवा बनियनचा तुकडा चिमटीत धरून संपूर्ण कडेवरून ओढत न्यावा. केसाएवढी चीर असली तरी कापडाचा धागा तेथे अडकतो. त्यानंतर मधल्या उंचवट्याच्या, म्हणजे बेलच्या पायथ्याशी नख फिरवावे आणि शेवटी भोकाची कड पाहावी. भोक पूर्ण गोल असेल तर उत्तम. ते किल्लीच्या भोकासारखे एका बाजूला ओढलेले असेल, तर त्या सिंबलने अनेक वर्षे उघड्या दांडीवर काढलेली आहेत असे समजावे.

भोक, दांडी आणि नळी

जुन्या अमेरिकन सिंबल्सचे भोक साधारण ७/१६ इंचाचे, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरचे असते. आजच्या सिंबल्सचे भोक त्याहून मोठे, बहुधा अर्ध्या इंचाच्या जवळपास असते. आजच्या स्टँडची दांडी बहुधा ८ मिलिमीटरची असते आणि तिच्यावर प्लास्टिकची जाड नळी, म्हणजे स्लीव्ह, असते. नळीची भिंत २ मिलिमीटरची धरली तर बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर होतो. तो ११ मिलिमीटरच्या भोकातून जाणार कसा? मग दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी नळी काढून टाकतो आणि सिंबल उघड्या आट्यांवर ठेवतो, किंवा कोणी रीमर घेऊन भोक मोठे करतो. पहिल्या उपायाने सिंबल हळूहळू मरते आणि दुसऱ्याने तिची किंमत त्याच क्षणी घसरते.

उघडी दांडी इतकी घातक का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. दांडीवर आटे असतात आणि आटे म्हणजे गोल गुंडाळलेली बारीक कानसच. सिंबल कलती असली की ती उताराच्या दिशेने सरकते आणि भोकाची वरच्या अंगाची कड दांडीवर टेकते. आता कोणतीही सिंबल, विशेषतः हाताने घडवलेली जुनी सिंबल, सगळीकडे सारख्या वजनाची नसते. तिची एक बाजू काही ग्रॅम जड असते आणि ती जड बाजू आपोआप खाली येऊन स्थिरावते. म्हणजे भोकाचा एकच बिंदू वर्षानुवर्षे त्याच आट्यांवर घासत राहतो आणि कडेचा एकच भाग वादकासमोर येऊन त्याच्यावर बहुतेक टोले बसतात. "सिंबल अधूनमधून फिरवून ठेवावी" हा सल्ला म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही, कारण ती दुसऱ्या गाण्याच्या आत आपल्या जागी परत येते. एकदा खाच पडली की दांडी त्या खाचेत अडकते, सिंबल फिरणेच थांबते आणि झीज आणखी वेगाने होते. पुढे खाचेच्या टोकातून तडा निघून बेलच्या दिशेने चढू लागतो.

उपाय पातळ भिंतीच्या नळीचा आहे. व्हर्निअर कॅलिपरने आधी भोक मोजावे, ते गोल नसेल तर त्याचा सर्वांत अरुंद व्यास धरावा आणि मग दांडी मोजावी. दांडी ८ मिलिमीटरची आणि भोक ११ मिलिमीटरचे असेल, तर १ मिलिमीटर भिंतीची नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी घेतल्यास बाहेरचा व्यास १० होतो आणि एक मिलिमीटरची मोकळीक राहते, ती पुरेशी आहे. जुन्या स्टँडची दांडी पुष्कळदा ६ मिलिमीटरच्या आसपास असते. तेथे मोटरसायकलच्या पेट्रोल नळीचा तुकडाही चालतो, मात्र तो दुकानात मोजून घ्यावा, कारण दुकानागणिक तिची जाडी बदलते. गरम केल्यावर आकसणारी विजेच्या वायरींवरची नळी दोन थरांत बसवली तरी काम भागते, पण ती मऊ असल्याने काही महिन्यांनी बदलावी लागते. रबरी नळी आवाज किंचित खाते असे काही जण म्हणतात. क्रॅशवर मला तो फरक जाणवत नाही, पातळ राइडवर किंचित जाणवतो, म्हणून राइडसाठी नायलॉनच बरे.

नळीची लांबीही महत्त्वाची आहे. ती खालच्या वॉशरपासून सुरू होऊन वरच्या फेल्टच्या मध्यापर्यंत गेली पाहिजे. त्याहून आखूड राहिली तर सिंबल झुलताना नळीच्या वर उघड्या आट्यांवर चढते, आणि जास्त लांब झाली तर नट नळीवर टेकतो, फेल्टपर्यंत पोहोचतच नाही आणि सिंबल सैल खडखडत राहते. दुसरा प्रकार इतक्या वेळा दिसतो की सैल नटाची तक्रार आली की मी आधी नळीचे वरचे टोक पाहतो.

भोकात आधीच खाच पडली असेल, तर खाचेतली धारदार कुसळे बारीक पॉलिश कागदाने हलके घासून मोडावीत आणि तेथेच थांबावे. भोक पुन्हा गोल करण्याच्या नादात ते १४-१५ मिलिमीटरचे करून ठेवलेल्या सिंबल्स मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी नंतर काठ असलेली नायलॉनची बुश, म्हणजे भोकात बसणारी गोल कडी, लेथवर मुद्दाम बनवून घ्यावी लागते. वर आणि खाली चकतीसारखा काठ असलेली अशी बुश खाच पडलेल्या मूळ भोकातही बसवता येते, तिच्यामुळे खाच झाकली जाते आणि दांडी पुन्हा भोकाच्या मध्यात येते.

फेल्ट, वॉशर आणि नट

टिल्टरच्या, म्हणजे सिंबलचा कल ठरवणाऱ्या सांध्याच्या वर, सिंबलच्या खाली, एक वाटीसारखा धातूचा वॉशर असतो आणि त्याच्यावर फेल्ट असते. साठ वर्षांपूर्वीचे फेल्ट पुठ्ठ्यासारखे कडक झालेले असते आणि बेलच्या आतल्या बाजूने सिंबल थेट वाटीच्या कडेवर टेकत असते. हा संपर्क बाहेरून दिसत नाही. सिंबल उतरवून बेलच्या आत पाहिले की गोल चकचकीत वलय दिसते, तोच पुरावा. नवे फेल्ट घेताना मात्र एक फसगत होते. आजची फेल्ट ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि चांगली जाड असतात, तर जुन्या पातळ सिंबल्सची बेल पुष्कळदा लहान आणि बसकी असते. रुंद फेल्ट बेलच्या पोकळीत न मावता तिच्या पायथ्यापर्यंत टेकते आणि देवळातल्या घंटेला तळहात लावून ती वाजवावी तसा आवाज येतो. फेल्ट कातरून ३० मिलिमीटरच्या आत आणावे. फेल्ट मिळत नसेल तर चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून जाड चामड्याच्या दोन चकत्या कापून घ्याव्यात. जुन्या काळी चामड्याच्या चकत्याही वापरत आणि त्या फेल्टपेक्षा जास्त टिकतात. पावसाळ्यात त्या फुगतात एवढाच त्यांचा दोष.

नट किती आवळावा, याचे एकच माप सांगता येते. सिंबलची कड एका बोटाने खाली दाबून सोडली असता ती दोन-तीन वेळा झुलून थांबली पाहिजे. ती लगेच थांबली तर नट घट्ट आहे. घट्ट नटाने आवाज तर दबतोच, शिवाय टोल्याची सगळी ताकद झुलण्यात न जाता धातूत जिरते आणि कडेला तडे जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. मोकळा ठेवलेला नट कंपनाने सुटतो, हे खरे. त्यावर उपाय आवळणे हा नसून दुसरा नट हा आहे. पहिला नट हव्या त्या जागी धरून ठेवून त्याच्यावर दुसरा नट घट्ट कसावा, म्हणजे दोघे एकमेकांना धरून राहतात. दुसऱ्या नटाला दांडी पुरत नसेल तर रबरी नळीचा घट्ट बसणारा तुकडा वरून सरकवला तरी नट उडून जात नाही.

येथे आट्यांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. जुन्या अमेरिकन आणि इंग्लिश स्टँडचे आटे पुष्कळदा इंचाच्या मापातले असतात, आजचे नट मेट्रिक असतात. पहिले दोन फेरे बसतात, तिसऱ्याला अडते, आणि पक्कड घेऊन पुढे रेटले की दांडीचे आटे कायमचे कापले जातात. नट हाताच्या बोटांनी सहज चार-पाच फेरे फिरला नाही तर तो त्या दांडीचा नाही. जुना नट घेऊन नट-बोल्टच्या दुकानात जावे आणि जोड मिळवावा. मुंबईत लोहार चाळीत किंवा नागदेवीत शोधले तर इंचाच्या मापाचे नट मिळू शकतात.

स्टँड झुकतो, घसरतो, डुगडुगतो

स्टँडविषयी तक्रार करण्यापूर्वी तो कोणत्या ओझ्यासाठी बनवला होता, याचा विचार करावा. १९२०-३०च्या काळात ड्रमसेटवरच्या सिंबल्स आजच्यापेक्षा लहान असत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जॅझमध्ये ताल बेस ड्रमवरून राइडवर सरकला आणि २० व २२ इंचांच्या सिंबल्स रूढ झाल्या. १९६०च्या दशकातले जमिनीलगत सपाट पाय पसरणारे हलके स्टँड, ज्यांना ड्रमर फ्लॅट बेस म्हणतात, दिसायला देखणे आणि उचलायला सोपे असतात. त्यांच्यावर १६ किंवा १८ इंचांची क्रॅश व्यवस्थित राहते. २० इंचांची जुनी राइड साधारण दोन किलोच्या जवळपास भरते आणि २२ इंचांची त्याहूनही जड असते, ती उंच चढवली की स्टँड पुढे झुकणारच. दुहेरी पट्ट्यांचे भक्कम पाय असलेले जड स्टँड १९७०च्या दशकात सर्वत्र पसरले, ते या गरजेपोटीच.

ज्यांना जुनेपण राखायचे आहे त्यांनी फ्लॅट बेस स्टँडवरच राइड ठेवावी, पण शक्य तितकी खाली ठेवावी आणि सिंबल ज्या दिशेला झुकते त्या दिशेला बरोबर एक पाय आणावा. दोन पायांच्या मधोमध भार आला की स्टँड कलंडतो. ही साधी गोष्ट किती तरी अनुभवी वादकही पाळत नाहीत. गालिच्यावर पायांखाली चिकटपट्टी लावली तर एकदा ठरवलेली दिशा बदलत नाही.

घसरण्याचे मूळ टिल्टरमध्ये किंवा नळ्यांच्या सांध्यात असते. दात असलेल्या टिल्टरचे दात झिजले असतील तर ते कितीही आवळले तरी एक-दोन दाते सरकतात. अशा टिल्टरला सिंबल जवळजवळ सपाट ठेवणे हाच खरा उपाय आहे, आणि जुन्या पातळ सिंबलला तसेच ठेवणे हितकारकही आहे, कारण तीव्र कलावर टोला नेमका कडेवर आडवा बसतो. नळ्यांच्या सांध्यात आजच्या स्टँडला नायलॉनची बुश असते, जुन्याला नसते, धातू थेट धातूवर दाबला जातो. तेथे नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप दोन-तीन फेरे गुंडाळली की डुगडुग आणि खरखर दोन्ही थांबतात. स्क्रू मात्र जोर लावून आवळू नये. या स्टँडचे पुष्कळसे ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वय झाल्यावर ते ठिसूळ होतात आणि वाकण्याऐवजी एकदम तुटतात. स्क्रू हाताने जितका आवळला जातो तितकाच आवळून त्याच्या लगेच वर, आतल्या नळीवर, पाइपाला लावतात तशी एक क्लिप बसवावी, म्हणजे वजन स्क्रूवर न येता क्लिपवर येते आणि दर वेळी उंचीही तीच मिळते.

कोणता सांधा वाजतो हे ओळखण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने सिंबल एका लयीत वाजवत राहावे आणि दुसऱ्याने टिल्टरपासून खाली एकेक सांधा मुठीत घट्ट धरत जावे. ज्या सांध्यावर खरखर थांबते तोच दोषी.

बेस ड्रमवर बसवलेली दांडी

त्या काळच्या अनेक सेटवर एक सिंबल स्वतंत्र स्टँडवर नसून बेस ड्रमच्या कवचाला बसवलेल्या दांडीवर असते. बीटल्सच्या रिंगो स्टारच्या लडविग सेटची छायाचित्रे पाहिली तर ही मांडणी सहज दिसते. तिचा फायदा असा की जागा वाचते आणि सिंबल जवळ येते. तोटा असा की पायाने दिलेला प्रत्येक ठोका दांडीतून वर जातो आणि सिंबल सतत थरथरत राहते, त्यामुळे भोकाची झीज येथे सर्वांत जास्त असते. या दांडीवर नळी नसणे म्हणजे झीज ओढवून घेणेच आहे, आणि तरीही नेमकी तीच हरवलेली असते.

दांडी फिरते अशी तक्रार असेल तर ब्रॅकेटचा स्क्रू ज्या ठिकाणी दांडीला टेकतो ती जागा पाहावी. वर्षानुवर्षांच्या दाबाने तेथे खोलगट खड्डे पडलेले असतात आणि स्क्रू दर वेळी जुन्याच खड्ड्यात घसरतो, म्हणून आपण हवा तो कोन घेऊच शकत नाही. दांडी पाच मिलिमीटर वर किंवा खाली घेतली की कोरी जागा मिळते. कवचाच्या आत ब्रॅकेटमागे मोठा वॉशर आहे की नाही तेही पाहून घ्यावे. तो नसेल तर सिंबलच्या हिंदकळ्यांनी लाकडाचे थर भोकाजवळ सुटू लागतात. २० इंचांहून मोठी राइड या दांडीवर ठेवू नये असे माझे मत आहे, मग जुन्या फोटोत काहीही दिसो.

हाय-हॅट

हाय-हॅट म्हणजे पायाने एकमेकींवर मिटणारी दोन सिंबल्सची जोडी. तिची नेहमीची तक्रार म्हणजे पाय दाबला की "चिक्" ऐवजी "फप्" असा हवा कोंडल्याचा आवाज येणे. दोन्ही सिंबल्सच्या कडा एकाच क्षणी जुळल्या की मधली हवा अडकते. खालच्या सिंबलच्या बैठकीखाली एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून खालची सिंबल किंचित कलती करावी. जुन्या स्टँडवर तो स्क्रू गंजून गच्च बसलेला असतो किंवा मुळातच नसतो. नसेल तर खालच्या फेल्टखाली एका बाजूला चामड्याचा पातळ तुकडा सरकवावा, तेवढ्याने काम होते.

वरची हलकी आणि खालची जड, ही जोडीची साधारण रीत आहे, पण जुन्या जोड्या पुष्कळदा वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या असतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही तोलून पाहाव्यात आणि जड असेल ती खाली ठेवावी. क्लच, म्हणजे वरची सिंबल दांडीला धरून ठेवणारा भाग, सरकत असेल तर दांडीचा व्यास मोजावा. जुन्या दांड्या आणि आजचे क्लच यांच्या मापात अर्ध्या-पाव मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्या फरकाने स्क्रू दांडीला पुरता पकडत नाही. आवळून आवळून स्क्रूचे आटे खाण्यापेक्षा त्या मापाचा जुना क्लच शोधावा. क्लचच्या खालच्या बाजूचा नट सुटून वरची सिंबल खाली कोसळणे हा प्रकार कार्यक्रमातच घडतो. तेथे वादनापूर्वी नट पाहण्याची सवय हाच उपाय. खालच्या सिंबलच्या भोकालाही बैठकीच्या उंचवट्यावर मध्यात धरून ठेवणारी नळी लागते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

किनारपट्टीवरचे सेट आणि साफसफाई

मुंबईच्या हॉटेलांतले डान्स बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता, कावस लॉर्ड यांच्यासारखे पारशी तालवादकही होते, आणि त्या पिढीची वाद्ये आजही वांद्र्याच्या किंवा मडगावच्या एखाद्या माळ्यावरून अधूनमधून खाली येतात. खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या अशा सेटवर बैठकीचा प्रश्न जास्त बिकट असतो. फेल्ट स्पंजासारखे ओल धरते आणि बेलच्या आत नेमके फेल्टच्या आकाराचे हिरवे वलय तयार होते. जुने फेल्ट पहिल्या दिवशीच फेकून द्यावे. हिरवा थर साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा, सिंबल ताबडतोब पुसून कोरडी करावी. स्टँडच्या गंजलेल्या स्क्रूंना गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवावे, पण ते तेल सिंबलला किंवा फेल्टला लागू देऊ नये.

आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा पूड लावून लख्ख करण्याची सवय असल्याने सिंबलही तशीच घासली जाते. ते टाळावे. पूड लेथच्या रेघा बुजवते आणि कंपनीचा जो शिक्का पाहून सिंबलचा काळ ओळखता येतो तो शिक्काच पुसट करते. शिवाय वर्षानुवर्षांच्या काळपट थराने आवाजाला येणारा मऊपणा ज्यांना आवडतो, त्यांना लख्ख केलेली सिंबल परत काळी करून मिळत नाही.

तडा सापडलाच तर

झिल्डजियनच्या सिंबल्सचा पारंपरिक धातू म्हणजे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील, आपल्या काशाच्याच कुळातला. पाइस्टी या स्विस कंपनीने १९५९मध्ये आणलेली ६०२ मालिका याच प्रकारची आहे, तर तिचीच १९७१ची ‘२००२’ नावाची मालिका फक्त आठ टक्के कथलाची आहे. वीस टक्के कथलाचा धातू मुळात ठिसूळ असतो. तो तापवून पाण्यात विझवल्यामुळेच हातोड्याखाली टिकण्याइतका चिवट होतो. याचा अर्थ असा की तड्यावर डाग देणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे त्या भागाचे पाणीच उतरवणे होय. शेजारची जागा आणखी ठिसूळ होते आणि पुढचा तडा तेथूनच जातो. भांड्यांना डाग देणारा कारागीर कितीही कुशल असला तरी सिंबल त्याच्याकडे नेऊ नये.

सिंबलला ड्रिल लावू नये या पथ्याला अपवाद फक्त कडेच्या तड्याचा आहे. कडेपासून आत जाणारा छोटा तडा असेल तर तो जेथे संपताना दिसतो त्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे ३ ते ४ मिलिमीटरचे गोल भोक पाडतात, म्हणजे टोकाशी एकवटणारा ताण भोकाच्या गोलाईत पसरतो. दिसणारे टोक हे खरे टोक नसते, म्हणून भोक पुढे घ्यावे लागते. ड्रिल मंद गतीने, थेंब थेंब तेल सोडत चालवावे, धातू हाताला गरम लागू देऊ नये, आणि भोकाच्या दोन्ही कडा नंतर गुळगुळीत कराव्यात. लेथच्या रेघेने गोल फिरणाऱ्या तड्याला हा उपाय क्वचितच टिकतो, कारण तो तडा दोन्ही टोकांनी चालू असतो. बेलच्या पायथ्याचा किंवा भोकातून निघालेला तडा त्याहून वाईट. अशी सिंबल रेकॉर्डिंगमध्ये ब्रशने हलकेच वाजवण्यासाठी राखून ठेवावी, काठीने वाजवण्यासाठी दुसरी आणावी आणि त्या दुसऱ्या सिंबलचे भोक मात्र स्टँडवर चढवण्यापूर्वी मोजून घ्यावे.